न बसवलेली जाळी

पान्याचा शेवटचा झटका बसला, नट सुटला आणि पेट्रोलच्या नळीच्या सांध्यातला वॉशर एनॉस माफूच्या तळहातावर पडला, तेव्हा आधी त्याच्या बोटांना कळलं. त्याला स्वतःला कळायला थोडा वेळ लागला. वॉशर चामड्याचा होता. या जागी फायबरचा लाल वॉशर असतो. तो नाही मिळाला तर लोक रबर कापून बसवतात, पुठ्ठा बसवतात, कोणी तर पावाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून काम भागवतो. हा चामड्याचा होता, काळा पडलेला, एका बाजूने चपटा, कारण कापताना कात्री घसरली होती, आणि कडेला शिवणीची दोन भोकं. फुटबॉलच्या बुटाच्या जिभेचं चामडं. एनॉसने मूठ मिटली. शेडच्या पत्र्यावर ऊन तापत होतं, शेजारच्या गल्लीत कोणीतरी पत्रा ठोकत होतं, लोबेंगुला स्ट्रीटवर मिनीबसवाला पोरगा घसा फाडून गिऱ्हाईक बोलावत होता, आणि मिटलेल्या मुठीत तो वॉशर एखाद्या जिवंत किड्यासारखा वाटत होता.

“काय झालं बाबा? तुटलं का काही?” समोर उलट्या क्रेटवर बसलेल्या बाईने विचारलं.

“नाही. वॉशर आहे, जुना.”

“त्यात सगळंच जुनं आहे,” ती म्हणाली.

ती त्या सोमवारी सकाळीच आली होती. नाव नोमागुगु, वय चाळीसच्या आसपास, एका शाळेच्या ऑफिसात कारकून. भाड्याच्या पिकअपमधून दोन माणसांनी गाडी खाली उतरवली, तेव्हा टाकीवर कोंबड्यांची वाळलेली घाण होती आणि पुढच्या चाकाच्या आऱ्यांमध्ये कोळ्यांनी घरं केली होती. बर्मिंगहॅमची मोटरसायकल, छप्पन सालची, साडेतीनशे सीसी. गोरे लोक देश सोडून जाताना ज्या गाड्या मागे टाकून गेले त्यांतली एक. बुलावायो शहरात अशा बऱ्याच होत्या, आणि एनॉसने आयुष्यभर त्याच पोसल्या होत्या, किंवा त्यांनी त्याला. त्यामुळे गाडी पाहून त्याला काहीच वाटलं नव्हतं. “वडिलांची आहे,” नोमागुगु म्हणाली होती. “पस्तीस वर्षं धान्याच्या कोठीत उभी होती. येत्या शनिवारी वडिलांना घरी आणायचा विधी करतोय आम्ही. आई म्हणते, आधी गाडीचा आवाज ऐकायचाय.” माणूस गेला की वर्षभराने त्याच्या थडग्यावर जाऊन, बिअर ओतून, गाणी म्हणत त्याला घरी आणतात, म्हणजे तो बाहेर भटकत राहत नाही. एनॉसने सहज विचारलं होतं, “कुठून आणायचं त्यांना?” तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. “ते माहीत असतं तर ही गाडी कशाला आणली असती, बाबा?” मग तो पाना शोधायला वळला होता. ज्यांचं थडगं नाही अशांबद्दल या गावात कोणी जास्त विचारत नाही.

आता त्याने वॉशर खिशात टाकला आणि सांध्याच्या आत पाहिलं. तिथे पितळेची बारीक जाळी असायला हवी होती, अंगठ्याच्या नखाएवढी, गोल गुंडाळलेली. टाकीतून येणारा गंज, माती, जे काही असेल ते तिथे अडतं. जाळी नव्हती. त्याने बोट घालून पाहिलं, काडी घालून पाहिलं. बोट सांध्यात, आणि मन मात्र पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका शनिवारच्या दुपारी हेन्ड्रिक्सच्या वर्कशॉपमध्ये. हेन्ड्रिक्स म्हणजे त्याचा उस्ताद, ना गोरा ना काळा असा रागीट म्हातारा, गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचा रुमाल, तोंडात कायम विझलेली सिगारेट. त्याचे नियम भिंतीवर नव्हते, ते पोरांच्या कानशिलांवर लिहिलेले होते. जाळीशिवाय गाडी दारातून बाहेर जाणार नाही, हा त्यातला एक. आणि त्या शनिवारी हेन्ड्रिक्स भाचीच्या लग्नाला गेला होता, बारीक सामानाच्या खणाची किल्ली त्याच्या कोटात होती, वर्कशॉपमध्ये चोवीस वर्षांचा एनॉस एकटा होता आणि तीन वाजता बार्बरफील्ड्स मैदानावर फुटबॉलची मॅच होती.

मॅच त्याला सगळी आठवत होती. शून्य-शून्य. सत्तराव्या मिनिटाला हुकलेली पेनल्टी, गोलपोस्टच्या मागे बसलेल्या बायकांचा हंबरडा, शेजारच्या माणसाने रागाने फेकलेला भाजलेला मका त्याच्या मानेवर लागला होता तो. पण त्या दुपारी ही गाडी घेऊन समोर उभ्या राहिलेल्या मास्तरचा चेहरा काही केल्या आठवेना. आवाज आठवला. हळू बोलणारा माणूस होता, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबायचा, फळ्यावर लिहून झाल्यावर मुलांकडे वळून पाहावं तसा. केझी गावाच्या अलीकडे कुठेतरी शाळेत शिकवायचा. “गाडी चढावर अडखळते,” म्हणाला होता. “दोनदा उचकी दिल्यासारखी करते आणि पुढे जाते.” एनॉसने कार्बोरेटर खोलला, जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे स्क्रू, फुंकून साफ केले, टाकीतलं घाण पेट्रोल काढलं, मूठभर खडे घालून टाकी खळखळून धुतली. उचकी गेली. सांध्यातली जाळी मात्र उसवलेली होती, हातात घेताच तिचे धागे सुटले. वॉशर फाटलेला होता, तो त्याने आपल्या जुन्या बुटाच्या जिभेतून कापला, आणि कापताना घड्याळाकडे बघत होता म्हणून कात्री घसरली. कोपऱ्यात एका शेतकऱ्याची गाडी महिनाभर पडून होती, मालक फिरकला नव्हता. तिच्यातली जाळी काढून इथे बसवायला दहा मिनिटं लागली असती. फार तर बारा.

“मास्तर, सोमवारी चक्कर मारा, नवी जाळी टाकून देतो.”

“आज घरी पोचेन ना पण?”

“पोचाल की. बिनधास्त जा.”

सोमवारी मास्तर आला नव्हता, पुढच्याही सोमवारी नाही. ते वर्षच तसं होतं. सरकारी सैनिकांचे ट्रक गावोगाव फिरायचे आणि माणसं नाहीशी व्हायची. गिऱ्हाइकं यायची थांबायची, शेजारी यायचे थांबायचे, चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसणारा माणूस यायचा थांबायचा, आणि सगळे म्हणायचे, जोहान्सबर्गला गेला असेल. हे वाक्य लोक अंगावर चादर ओढून घ्यावी तसं म्हणायचे. एनॉसही म्हणाला होता, मास्तरबद्दल, एकदाच, मनातल्या मनात. मग विसरला. विसरला हेही तितकंसं खरं नव्हतं. त्या दिवसानंतर त्याने जाळीशिवाय एकही गाडी बाहेर जाऊ दिली नव्हती. जाळी नसलेल्या गाडीवरून तो गिऱ्हाइकांशी भांडायचा, लोक त्याला हेन्ड्रिक्सचं भूत म्हणायचे. आपण असे कडक का झालो हे त्याने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

“गाडी सापडली कशी?” त्याने खाली बघतच विचारलं. हात चालू होते. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या झाकणाचे तीन स्क्रू तो एकेक करून सैल करत होता.

“एका गुराख्याने पाहिलं होतं वडिलांना,” नोमागुगु म्हणाली. तिने हे अनेकदा सांगितलं असावं. वाक्यं गुळगुळीत झाली होती. “म्हातारा आता नाही. तो सांगायचा, मास्तर रस्त्याच्या कडेला गाडी उघडून बसला होता. मग चालू झाली, गेला. म्हातारा गुरं घेऊन पलीकडच्या वळणावर आला तर तिथे पुन्हा बसलेला. दिवस मावळत होता. तेव्हा कर्फ्यू होता ना आमच्याकडे, अंधार पडायच्या आत माणूस घरात पाहिजे. म्हाताऱ्याने ओरडून सांगितलं, गाडी टाक आणि चल माझ्याबरोबर. वडील म्हणाले, झालं, एवढं झालंच. मग सैनिकांचा ट्रक आला. सकाळी आजोबा गेले. गाडी तेवढी होती.”

“किती वेळाने बंद पडायची? दोन थांब्यांमध्ये अंतर किती होतं?”

“मला काय माहीत?”

“म्हातारा काय म्हणाला? थोडा वेळ थांबली की आपोआप चालू व्हायची? की काही खोलावं लागायचं?”

“बाबा, तुम्ही तर पोलिसासारखे विचारताय.”

“आजार कळल्याशिवाय औषध कसं देणार, पोरी,” तो म्हणाला, आणि स्वतःच्या आवाजातला तो नेहमीचा कारागिरी सूर ऐकून त्याला शिसारी आली.

झाकण निघालं. आतलं पेट्रोल केव्हाच उडून गेलं होतं, तळाला चिंचेच्या कोळासारखा तपकिरी थर वाळून घट्ट झाला होता, आणि त्याला तो वास होता, जुन्या गाड्यांच्या पोटात असतो तो, वार्निश आणि कुजलेली फळं यांच्या मधला. मोठ्या जेटखालचा नट त्याने सर्वांत शेवटी काढला. त्यात, त्या तपकिरी राळेत रुतून बसलेला, गंजाचा एक पापुद्रा होता. मसुरीच्या डाळीएवढा. त्याने तो टोच्याच्या टोकावर उचलला आणि उजेडात धरला. पुढचं त्याला कोणी सांगायची गरज नव्हती, हा रोग त्याने शेकडो वेळा पोरांना समजावून सांगितला होता. गाडी पळते, पेट्रोलचा ओढा वाढतो, तळाशी पडलेला पापुद्रा त्या ओढ्याबरोबर उचलला जातो आणि जेटच्या भोकाला बरोबर तोंड लावून बसतो. गाडी दम लागल्यासारखी करते, बंद पडते. ओढा थांबला की पापुद्रा आपल्या वजनाने खाली पडतो. माणूस उतरतो, प्लग बघतो, नळी फुंकतो, किक मारतो, गाडी पहिल्या किकमध्ये चालू. माणसाला वाटतं आपणच दुरुस्त केली. पाच-सहा किलोमीटर. मग पुन्हा. टाकी खड्यांनी खळखळून धुतली की असे पापुद्रे सुटतात. म्हणूनच धुतल्यावर जाळी लागते. मास्तर शाळेत शिकवणारा माणूस, त्याने सगळं तपासलं असणार, पण खालचा नट काढायला जाड पाना लागतो आणि तो त्याच्याकडे नसणार. त्याच्याकडे जे नव्हतं त्यात तो पाना होता, ती जाळी होती, आणि एनॉस माफूची दहा मिनिटं होती.

“सापडलं?” नोमागुगुने विचारलं.

“कचरा होता,” एनॉस म्हणाला. “थोडा कचरा.”

पापुद्रा त्याने फडक्यावर पुसला. पुसून झाल्यावर लक्षात आलं की आपण तो दाखवू शकलो असतो.

त्या संध्याकाळी ताटातला इसित्श्वाला, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला लगदा, तसाच निवत राहिला. बोटांनी गोळा करायचा, वाळवलेल्या भाजीत बुडवायचा, एवढंच काम, पण हात गोळा करून थांबत होता. मादुबे, त्याची बायको, समोर बसून शेंगा सोलत होती. तीस वर्षं बाजारात भाजी विकलेली बाई, माणसाच्या चेहऱ्यावरून तो किती घासाघीस करणार हे ओळखणारी.

“कोणती गाडी आहे आज ताटात?” ती म्हणाली.

“काही नाही ग.”

“काही नाही तर गिळा. मी शिजवलंय, इंजिन ऑइल नाही घातलं त्यात.”

“तुला आठवतं का,” त्याने विचारलं, “त्या वर्षी, कर्फ्यूच्या, मी काय करत होतो?”

मादुबेचे हात थांबले. त्या वर्षाचं नाव घरात निघत नसे. तिचा थोरला भाऊही जोहान्सबर्गला गेला होता, सगळे गेले तसाच. “तुम्ही फुटबॉल बघत होतात,” ती थोड्या वेळाने म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. “दुसरं काय करणार होतो आपण? तुम्ही फुटबॉल बघत होतात आणि मी केस विंचरत होते.” आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली. त्याला वाटलं, तिला सांगावं. सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती हेही त्याला माहीत होतं: ट्रक तुम्ही चालवत नव्हतात. ते ऐकायला त्याला फार आवडलं असतं. म्हणूनच सांगवेना.

तीन दिवस त्याने त्या कार्बोरेटरवर काम केलं. एवढं काम नव्हतंच. फ्लोट, पेट्रोलवर तरंगणारा पितळेचा डबा, कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल शिरलं नव्हतं. गरम पाण्यात बुडवला, बुडबुडा आला नाही. जेट उकळून काढले, तारेने नाही, फुंकरीने साफ केले. कार्बोरेटरची इंजिनावर बसण्याची जागा वाकडी झाली होती, ती काचेवर पॉलिशपेपर ठेवून तासभर घासून सपाट केली, नाहीतर तिथून चोरून हवा घेते. टाकी आतून रसायनाने धुऊन लेप लावला. आणि जाळी बसवली. नवी, चकचकीत, आपल्याच खिशातली. ती बसवायला त्याला किती वेळ लागतो हे त्याने मुद्दाम घड्याळावर पाहिलं. सांधा उघडून, जाळी सरकवून, वॉशर घालून, नट आवळून: चार मिनिटं. दहाही नाहीत. तो बराच वेळ पाना हातात धरून बसून राहिला. पस्तीस वर्षं दहा मिनिटं म्हणून ठेवलेली गोष्ट चार मिनिटांची निघाली, आणि त्या उरलेल्या सहांचं काय करायचं ते त्याला कळेना.

गुरुवारी दुपारी तो गाडी घेऊन विमानतळाच्या रस्त्याला लागला. इंजिनाचा ठोका जड, संथ, एकसारखा. दोन किलोमीटर, तीन. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळं गवत, मधूनच काटेरी झाड, झाडाखाली कोळशाची पोती घेऊन बसलेला माणूस. चार. पाच. सहा. आता. आता दम लागेल तिला. त्याचा हात ॲक्सिलरेटरवर घामाने घसरत होता, कान इंजिनात बुडाले होते, आणि गाडी चालत राहिली, सात, आठ, बारा, इतकी छान की रस्त्यावरची माणसं मान वळवून बघायला लागली. एका सायकलवाल्या म्हाताऱ्याने टोपी काढून हलवली. एनॉसला रडू येईल असं वाटलं. गाडी बंद पडली असती तर बरं झालं असतं. मग म्हणता आलं असतं की दोष दुसराच होता, टाकीच्या झाकणाचं भोक, कॉइल, काहीही, आणि पापुद्रा नुसताच तिथे पडलेला होता, वर्षानुवर्षं, निरुपद्रवी. वीस किलोमीटरवर त्याने गाडी वळवली. येतानाही ती बंद पडली नाही.

नोमागुगुने विनंती केली म्हणून तो शुक्रवारी गावी गेला. “तिकडे कोणाला चालू करता येणार नाही,” ती म्हणाली, “आणि बंद पडली तर आईला काय तोंड दाखवू?” पिकअपच्या मागे गाडी दोरांनी बांधलेली, पुढे ड्रायव्हर, ती आणि तो. मातोबोच्या टेकड्यांमधून रस्ता जात होता, एकावर एक ठेवलेले धोंडे दुपारच्या उन्हात पांढरे पडले होते. ड्रायव्हर रेडिओ लावत होता, बंद करत होता. एनॉसचं डोकं आपोआप हिशेब करत होतं, आयुष्यभराची सवय. सहा किलोमीटरला एकदा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं, म्हणजे ऐंशी किलोमीटरला तेरा वेळा. तेरा वेळा उतरला. तेरा वेळा गुडघे टेकले. पहिल्या दोन-तीन वेळा वैतागला असेल. मग घड्याळ बघायला लागला असेल. सातव्या-आठव्या वेळेला मेकॅनिकला शिव्या दिल्या असतील. नसतील दिल्या, हळू बोलणारा माणूस होता. मग सूर्य बघायला लागला असेल. आणि प्रत्येक वेळी गाडी पहिल्या किकमध्ये चालू झाली असेल, हेच सगळ्यांत वाईट. ती एकदाच कायमची बंद पडली असती तर त्याने ती टाकली असती, झाडीत शिरला असता, गुराख्याबरोबर गेला असता. गाडी त्याला प्रत्येक वेळी म्हणत होती, झालं, एवढं झालंच.

“इथे,” नोमागुगु म्हणाली. कोरड्या नदीवरचा बुटका पूल होता, पलीकडे वळण. ड्रायव्हरने न सांगताच वेग कमी केला. तिथे काहीच नव्हतं. एका बाजूला शेळ्या होत्या, त्यांतली एक मागच्या पायांवर उभी राहून पानं ओरबाडत होती. एनॉसने खिडकीबाहेर पाहिलं आणि त्याला मास्तरचा चेहरा आठवायचा प्रयत्न करावासा वाटला. पुन्हा आवाजच आठवला. आज घरी पोचेन ना पण?

घराचं अंगण झाडून ठेवलेलं होतं. उद्याच्या बिअरची मडकी सावलीत झाकून ठेवली होती, नातेवाईक बायका मोठ्या भांड्यांशी खटपट करत होत्या. मालुंगा, नोमागुगुची आई, चटईवर पाय पसरून बसली होती. साखरेच्या आजाराने तिची नजर गेली होती. डोळे उघडे होते पण ते थोडे बाजूला, माणसाच्या खांद्यापलीकडे लागलेले असायचे. गाडी खाली उतरवल्याचा आवाज झाला तशी ती उठली, मुलीचा हात धरून आली आणि टाकी चाचपायला लागली. मग हँडल, मग सीट. सीटवर तिचा हात बराच वेळ राहिला.

“लाव,” ती म्हणाली.

एनॉसने किक मारली. दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. जड, संथ, एकसारखा ठोका अंगणभर पसरला. भांड्यांशी बसलेल्या बायका उभ्या राहिल्या, एकीने तोंडावर हात धरला. मालुंगा मान तिरपी करून ऐकत होती. एक मिनिट गेलं असेल. तिचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

“ही नाही,” ती म्हणाली.

“आई, तीच आहे ग. बाबांचीच.”

“गाडी तीच असेल. आवाज त्याचा नाही. तो नदीच्या वळणावर यायचा तेव्हा गाडी दोनदा उचकी द्यायची. पातेलं चुलीवर ठेवलं की मला ऐकू यायची, दोन उचक्या. मग मी पाणी टाकायची.” ती एनॉसच्या दिशेने वळली. “तू ती बरी करून टाकलीस.”

काय करायचं हे एनॉसला कळलं, आणि ते आपल्याला कळलं याची त्याला भीती वाटली. त्याने खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, वाकून कार्बोरेटरच्या बाजूचा हवेचा स्क्रू शोधला आणि बाहेरच्या बाजूला फिरवायला लागला. पाव आटा. अर्धा. हवा जास्त, पेट्रोल कमी. चाळीस वर्षं जो आवाज त्याने पाठीस लागून मारला होता, तोच तो आता स्वतः, हाताने, तयार करत होता. ठोका विस्कटला. गाडीने एकदा उचकी दिली, सावरली, पुन्हा दिली. ॲक्सिलरेटर थोडा उघडा धरला तरच ती जिवंत राहत होती. हात सोडला की मरणार. तो वाकलेल्या अवस्थेतच एका हाताने धरून राहिला. उचकी, उचकी, ठोका.

मालुंगाने दोन्ही हात टाकीवर ठेवले.

“आलास,” ती म्हणाली.

मग ती बोलायला लागली. मोठ्याने नाही, इंजिनाच्या आवाजाखाली, जेवण वाढताना बोलावं तसं. पण एनॉसचा कान तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर होता. ती म्हणाली, मीच तुला थांबवलं. तू म्हणाला होतास दुपारी निघतो, मीच म्हटलं बूट घेतल्याशिवाय येऊ नकोस, पोरीला शाळेत घालायचंय, अनवाणी कशी पाठवू. तुला शहरात बूट शोधत फिरावं लागलं, म्हणून उशीर झाला. बूट पिशवीत होते. सासऱ्यांनी गाडीबरोबर आणले. मी ते तिला कधी घालू दिले नाहीत, तिचा पाय मोठा झाला, मग पुरून टाकले. तिला कधी सांगितलं नाही की तिच्या बुटांमुळे. माझ्यामुळे, तिच्या नाही, माझ्यामुळे. एवढ्या वर्षांत एकही सकाळ अशी गेली नाही की मी बूट म्हटलं नाही.

नोमागुगु आईचा दंड धरून उभी होती. तिने ऐकलं होतं. तिचा चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा झाला होता, मार कशासाठी बसला हे न कळलेल्या.

एनॉसच्या मनगटाला कळ लागली. पोटरीला सायलेन्सरची धग लागत होती. मास्तर बाराच्या सुमारास पुड्यात बांधलेले बूट काखेत धरून वर्कशॉपमध्ये आला होता. बूट आधीच घेऊन झाले होते. पुडा त्याने बाकावर ठेवला होता आणि गाडी होईपर्यंत त्याच्या शेजारी बसला होता, पावणेदोनपर्यंत, पुड्याच्या सुतळीशी चाळा करत. एनॉसला तो आता दिसला, अख्खा, चेहऱ्यासकट. रुंद कपाळ, पुढच्या दातांत फट. त्याला उशीर झाला होता तो बुटांमुळे नव्हता.

त्याने हात सोडला. गाडीने एक श्वास घेतल्यासारखं केलं आणि ती बंद पडली. अंगणात एवढी शांतता झाली की मडक्यांमधली बिअर फसफसताना ऐकू आली.

“बंद का केलीस?” मालुंगा म्हणाली. “माझं बोलून झालं नव्हतं.”

“आई,” एनॉस म्हणाला, “बुटांमुळे नाही झालं ते. बूट त्याने आधीच घेतले होते. उशीर माझ्याकडे झाला. ही गाडी त्या दिवशी मी दुरुस्त केली. जाळी बसवायची होती, मी बसवली नाही. मला मॅचला जायचं होतं. मीच त्याला म्हटलं, बिनधास्त जा. म्हणून ती वाटेत बंद पडत राहिली.”

नोमागुगुने आईचा दंड सोडला. एक पाऊल पुढे आली, थांबली. “तुम्हाला सोमवारपासून माहीत होतं,” ती म्हणाली, “आणि तुम्ही मला म्हणालात कचरा.” बायकांमधून एक म्हातारा पुढे येऊ लागला, त्याच्या हातात काठी होती, पण तोही मध्येच उभा राहिला, कारण मालुंगाने हात वर केला होता. तिचे डोळे एनॉसच्या खांद्यापलीकडे कुठेतरी लागले होते. ती रागावली आहे, की हलकी झाली आहे, की तिच्याकडची एकुलती एक गोष्ट कोणी काढून घेतल्यासारखं तिला झालं आहे, हे त्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. एका कोंबडीने अंगण ओलांडलं.

“पुन्हा चालू कर,” ती म्हणाली.

“आई...”

“मला सांगून काय उपयोग? चालू कर, आणि त्याला सांग.”

एनॉसने किक मारली. गाडी चालू झाली नाही. मिश्रण बिघडलेलं होतं, ते त्यानेच बिघडवलं होतं. दुसरी किक. तिसरी. घाम डोळ्यांत उतरला. सगळं अंगण उभं राहून त्याच्याकडे बघत होतं, कोणी मदतीला येत नव्हतं, कोणी थांब म्हणत नव्हतं. सातव्या किकला इंजिन धडधडलं आणि पहिली उचकी दिली. त्याने ॲक्सिलरेटर धरला, गरम टाकीपाशी तोंड नेलं, आणि सुरुवात कुठून करायची ते न कळून आधी आपलं नाव सांगितलं.